ज्याचा हात आत, त्याचं कुलूप

परवा सकाळी आमच्या बोरसीच्या गल्लीत हातगाडीवाला ओरडत आला, "कूलर की घास! खस वाली घास!" आणि मी चहाचा कप कठड्यावर ठेवून अनवाणीच फाटकाकडे धावलो. बासष्टाव्या वर्षी माणसानं घासवाल्यामागं असं धावू नये, हे मला कळतं. पण चैताचं ऊन तापायला लागलं, त्या वाळक्या घासेवर पहिलं पाणी पडलं आणि खसाचा तो ओला, मातकट, जरासा औषधी वास घरात शिरला, की माझ्या अंगात काहीतरी उड्या मारायला लागतं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आतून म्हणाली, "हळू, हळू! घास कुठं पळून नाही चालली." मला कुठला धीर! तिन्ही बाजूंची घास मी एका दमात बदलली, हातावर चार ओरखडे काढून घेतले आणि कूलर सुरू होताच त्याच्यासमोर तोंड उघडून उभा राहिलो.

दुर्ग-भिलाईत उन्हाळा आवडतो असं म्हणणारा बहुधा मी एकटाच. इथं दहा वाजता रस्ते ओस पडतात. टाकीचं पाणी इतकं तापतं की अंघोळीचं पाणी आदल्या रात्री भरून गार करावं लागतं. दुपारी झांजा, म्हणजे उन्हाच्या झळा, सुटतात तेव्हा स्कूटरवर बसलेला माणूस डोक्याला गमछा गुंडाळून नुसते डोळे उघडे ठेवतो आणि तेही भाजतात. पण याच दिवसांत टाउनशिपचे गुलमोहर असे फुलतात की खालची सडकही लाल दिसते. बाजारात तेंदू, म्हणजे टेंभुर्णीची फळं, येतात. पानाच्या द्रोणात चार नावाची फळं येतात, काळी, मण्याएवढी, ज्यांच्या बियांची पुढं चारोळी होते. क्वार्टरांमागच्या आंब्यांखाली सकाळी कैऱ्यांचा सडा असतो. आणि याच दिवसांत, बारा वर्षांपूर्वी, मी दारू सोडली. एकट्यानं नव्हे. एकट्यानं मी ती अकरा वेळा सोडली होती आणि बारा वेळा धरली होती.

तेव्हा आम्ही मरोद्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझे वडील वर्ध्याकडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला आले, मी इथंच जन्मलो, इथंच शिकलो आणि इथंच कन्व्हेअर बेल्टच्या विजेच्या कामाला लागलो. माझे दोन जिवलग. एक डोमार साहू, आमचा फिटर, नंदिनी नगरच्या पलीकडल्या गावचा छत्तीसगढी गडी. दुसरा गजानन ढोमणे, स्टोअरचा कारकून, अमरावतीकडचा, घरी तो आणि त्याचे म्हातारे बाबा. तिघांचीही बहुतेक ए शिफ्ट. पहाटे सहाला आत, दुपारी दोनला बाहेर. भोंगा झाला की आम्ही लाल धुळीनं माखलेले तिघं सायकलस्टँडवर भेटायचो, आणि लोक जेवायला घरी जात तेव्हा आम्ही साहूच्या क्वार्टरच्या मागच्या ओसरीत जायचो. तीन स्टीलचे ग्लास तिथंच खिडकीत पालथे असायचे. उन्हाळ्यात तहान म्हणून, पावसाळ्यात ओल म्हणून, हिवाळ्यात गारठा म्हणून. पिणाऱ्याला पंचांग पाहावं लागत नाही.

चारला घरी येऊन मी कूलरसमोर आडवा व्हायचो तो सातपर्यंत. मी कधी हात उगारला नाही, कधी आरडाओरडा केला नाही, आणि या गोष्टीचा मला केवढा अभिमान! आपल्यामुळं कुणाला काही त्रासच नाही, असं मी धरून चाललो होतो. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसलंच ते. माझी मुलगी पल्लवी मी झोपलो असलो की चपला हातात घेऊन ओलांडून जायची. आपण आपल्या घरात असे पडलेलो आहोत की पोरीला आपल्याला ओलांडून जावं लागतं, हे मला तेव्हा दिसत नव्हतं. आता दिसतं, आणि भर दुपारी अंगावर काटा येतो.

त्या वर्षीही चैतात मी घास बदलत होतो. सुनंदा बाजूला उभी राहून तारेचे तुकडे हातात देत होती. पल्लवी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि पुण्याला शिकायला जायचं म्हणत होती.

"पल्लवीचं पुण्याचं जमलं का मी बी जातो तिच्यासंगं," सुनंदा म्हणाली. "मावशीच्या वरची खोली खाली आहे. तुम्ही राहा इथं."

"किती दिवस?"

"दिवस कायचे? राहाले जातो म्हणलं."

मी तार पिळता पिळता थांबलो. तिच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो, रडली असती तर समजूत घातली असती. ती भाजीला काय आणायचं हे सांगावं तशी बोलली होती. वर म्हणाली, "घास नीट दाबा. खाली पोकळ राहून राहिली."

पुण्याची कॉलेजं जुलैत उघडतात. म्हणजे माझ्या हातात एक उन्हाळा होता. चैत, वैशाख, जेठ. मी बोटांवर मोजले, तीनच.

दुसऱ्या दिवशी बेल्टवर काम होतं. आमच्या कामाची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बेल्ट बंद करून आत माणसं उतरायची असली की आधी मेन स्विच पाडतात. मग त्या स्विचला एक लोखंडी पकड अडकवतात. तिला सहा छिद्रं असतात. आम्ही तिला खेकडा म्हणायचो. आत उतरणारा प्रत्येक माणूस त्या खेकड्याच्या एकेका छिद्रात स्वतःचं कुलूप लावतो आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवून आत जातो. बाहेर आला की आपलं कुलूप आपणच काढायचं. दुसऱ्याचं कुलूप कुणी काढायचं नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. शेवटचं कुलूप निघाल्याशिवाय बेल्ट सुरूच होऊ शकत नाही. आणि आत उतरायच्या आधी कामाची परवानगी लागते, तिला परमिट म्हणतात. तीस वर्षं मी हे रोज करत होतो, दात घासावेत तसं.

त्या दिवशी माझं कुलूप हातात धरून मी नुसता उभाच राहिलो. खेकड्यात साहूचं कुलूप आधीच लटकत होतं. माझ्या डोक्यात असा काही उजेड पडला की मी तिथंच ओरडलो, "साहू! आपल्याले बी असंच कराले पायजे!"

साहूला आधी काहीच कळेना. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला आणि ढोमणेला सगळं सांगितलं, सुनंदाचं बोलणंसुद्धा. मला वाटलं होतं, दोघं हसतील. ढोमणेनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "भाऊ, काल बाबा मले न्याहाळून पाहत होते. म्हणाले, गज्या, तुह्या आधी मी जाईन का माह्या आधी तू, सांगता येत नाही बे." साहूनं आपले दोन्ही हात पुढं केले. ते हलत होते. "मोर तारा घलो लगा दे भैया," तो म्हणाला. माझंही कुलूप लाव. तारा म्हणजे त्यांच्या बोलीत कुलूप.

मला काय हर्ष झाला! तीन बुडणारी माणसं, पण वाटत असं होतं की आम्ही सहलीला निघालोय. साहूनं घरी पट्टी कापून, छिद्रं पाडून स्वतःच्या हातानं खेकडा बनवला. स्टोअरमधून एखादा आणण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ढोमणेच्या राज्यातून खिळासुद्धा पावतीशिवाय हलत नसे. साहूची जुनी लोखंडी हत्यारपेटी रिकामी केली. त्यात ते तीन ग्लास आणि होळीपासून राहिलेली एक न उघडलेली बाटली ठेवली.

"फेकून कावून नाही देत?" मी विचारलं.

"फेकली तं दुकानात दुसरी आहे," ढोमणे म्हणाला. कारकुनी डोकं त्याचं. "पेटीत असली तं तिघं आल्याबिगर उघडत नाही. ज्याले प्याची असंल त्यानं परमिट मागाचं. दोघांनी त्याच्यापाशी याचं. मंग पाहू."

ढोमणेच्या बाबांनी मात्र आधी आम्हाला दवाखान्यात पाठवलं. "नव्याचे नऊ दिवस चालंल तुमचं," म्हणाले, "पण या साहूले आधी डाक्टरले दाखवा. याचं रोजचं अंगात मुरलेलं आहे." बरं झालं पाठवलं. डॉक्टरांनी आम्हा प्रत्येकाला किती, केव्हापासून, ते खोदून विचारलं आणि साहूला स्वच्छ सांगितलं की इतकी सवय असताना एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. त्याला काही दिवस दवाखान्यात ठेवलं, गोळ्या सुरू केल्या. माझं आणि ढोमणेचं कुलूप आधी लागलं. साहूचं लागलं तो दहा दिवसांनी घरी आल्यावर. पेटी माझ्याकडे, कूलरशेजारच्या स्टुलावर. तीन कुलपं ओळीनं. आम्ही तिघं त्या पेटीसमोर उभे राहून मठ्ठा प्यालो आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या.

ते दिवस आठवले की अजून हसू फुटतं. दोन वाजता भोंगा झाला की करायचं काय, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं त्या वेळेला एकच काम होतं. आम्ही बाजारात जाऊन कलिंगडं वाजवून पाहायचो. ढोमणेनं घरातली सगळी घड्याळं दुरुस्त केली, मग शेजाऱ्यांची. साहू द्रोणभर चार घेऊन यायचा आणि आम्ही बिया थुंकत गुलमोहराखाली बसायचो. जिभेला किती चवी असतात! कैरीला मीठ लावलं की आधी मीठ लागतं आणि मग आंबट, हे मला पन्नाशीत कळलं.

साहूचं कुलूप लागल्यावर बाराव्या दिवशी मी प्यालो.

एका सोबत्याच्या निवृत्तीचं जेवण होतं, दुपारचं. कुणी आग्रह केला नाही, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू? मीच उठलो आणि मीच ग्लास घेतला. घरी आलो तर पेटीवर तिन्ही कुलपं शाबूत. कुलपं कोरडी आणि मालक भिजलेला. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. मी कूलरसमोर आडवा झालो आणि पल्लवी चपला हातात घेऊन मला ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सुनंदानं चहा पुढं ठेवला आणि ती पेटीकडे पाहत म्हणाली, "एक विचारू का? तुमच्या प्लांटात ते कुलूप कोन लावते?"

"आत उतरते तो."

"बेल्ट नाही लावत?"

"बेल्ट कसा लावंल? काहीतरीच तुहं."

"मंग कोन? नीट सांगा मले."

"ज्याचा हात आत असते, तो. बेल्ट सुरू झाला तं ज्याचा हात तुटंल, त्याचं कुलूप."

सुनंदानं आपला उजवा हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. पालथा. बोटांवर हळद होती. "मंग इथं हात कोनाचा आत आहे?" ती म्हणाली. "तीन बेल्टांनीच एकमेकाले कुलूप लावून ठेवलं तुम्ही."

मी आजवर बरीच बोलणी ऐकली, वडिलांची, साहेबांची, डॉक्टरांची. सगळी पालथ्या घड्यावर पाणी. पण माझ्याच कामातली, माझ्याच हातातली रीत माझ्यासमोर उलटी करून कुणी ठेवली नव्हती. आम्ही तिघं शहाणे तीस वर्षं कुलपं लावत आलो आणि नेमकं इथं चुकलो. धोका ज्याला, त्याला विचारलंच नव्हतं. मी तिच्या हाताकडे पाहत राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी, खोटं कशाला सांगू, मला आनंदही झाला. बिघाड सापडला की आमच्यासारख्या माणसाला जो होतो तो.

तिनं गव्हाच्या कोठीचं पितळी कुलूप आणलं. लहानसं, घासून चकचकीत केलेलं. खेकड्याच्या चौथ्या छिद्रात ते अडकवलं, दाबलं आणि चावी मंगळसूत्रात ओवून टाकली. संध्याकाळी साहूची बायको आली. तिनं सगळं ऐकून घेतलं, "मोरो हाथ भीतरी हे," माझाही हात आत आहे, एवढंच म्हणाली आणि पाचवं कुलूप लावलं. सहावं ढोमणेच्या बाबांनी. ते काठी टेकत आले होते आणि त्यांनी कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं. जुना प्लांटचा माणूस.

नियम बदलला. आता परमिट आमच्यात मागायचं नव्हतं. प्यायची इच्छा झाली, कुठंही, पेटीतली असो की दुकानातली, तर आधी ज्याचा हात आत त्याच्यासमोर उभं राहून मागायचं. ऐकायला केवढं सोपं! मी बायकोपासून लपवून प्यालो होतो, खोटं बोलून प्यालो होतो, तिच्यादेखतही प्यालो होतो. पण तिला विचारून कधी प्यालो नव्हतो.

वैशाखात एकदा मागितलं. भट्टीसारखी दुपार होती, शिफ्टमध्ये कुणाशी तरी वाजलं होतं आणि घसा नुसता ओढत होता. मी दारात उभा राहून म्हणालो, "सुनंदा, परमिट दे." ती भाजी निवडत होती. तिचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. पण ती म्हणाली, "बरं. साहू आन ढोमणेभाऊले फोन करा. ते येतवर कूलरमधे पानी टाका, आटून राहिलं." मी बादल्या भरायला लागलो. आमचा तो कूलर म्हणजे राक्षस, आठ बादल्या प्यायचा. पाचव्या बादलीला साहू आला आणि त्यानं न बोलता दुसरी बादली उचलली. सातव्याला ढोमणे आला, तो भिजायला नको म्हणून लांबूनच सूचना देऊ लागला. त्यावरून साहूनं त्याच्या अंगावर अर्धी बादली ओतली. मग काय विचारता! सहा कुलपांच्या पेटीसमोर तीन पन्नाशीतले गडी एकमेकांना भिजवत होते. पल्लवी दारात येऊन "बाबा, आप लोग बच्चे हो क्या? फरशी पुसणार कोण?" म्हणत हसत होती. किती महिन्यांनी तिचं हसू ऐकलं मी. ओढ केव्हा गेली, कळलंच नाही.

तेव्हापासून मला एक उमगलंय. ती ओढ फार मोठी वाटते, पण तिचा दम तासाभराचा. तो तास कुणीतरी सोबत काढायचा, बस. आजही दुपारी दोनच्या सुमारास आमचे फोन वाजतात. साहू आता गावी शेती करतो, ढोमणे नातेवाइकांकडे अमरावतीला असतो. "काय करून राहिला?" "आंबे पिकाले टाकून राहिलो." एवढंच बोलणं. पण दोनचा फोन आला नाही तर मला जेवण जात नाही.

आणि ती अक्ती! अक्षय तृतीयेला छत्तीसगढात अक्ती म्हणतात. घरोघरी बाहुला-बाहुलीची लग्नं लावतात आणि खरी लग्नंही याच दिवसांत. साहू पुतणीच्या लग्नाला गावी गेला होता. आम्हाला सुट्टी होती आणि ढोमणे माझ्याकडेच आला होता. दुपारी बाराला साहूचा फोन आला. मागं बाजा वाजत होता. "भैया, आज नइ बनत हे," तो म्हणाला. आज जमत नाही. "परमिट दे." बायकोपुढं उभं राहून त्यानं आधीच मागितलं होतं, तिनंच आम्हाला फोन करायला लावला होता. गावात लग्नाघरी महुआची दारू, चुलते, मामे, सगळ्यांचा आग्रह, मोहाचा तो गोडसर वास तर तिथं झाडाखालच्या मातीलाच येतो.

ढोमणे म्हणाला, "मागितलं तं जा लागंल. पेटी घेऊन."

"पेटी कायले?"

"परमिट मागितलं, आन पेटीच नसली तं आपन कायचे लोक?"

मग भर उन्हात आमची स्कूटर निघाली. मी पुढं, ढोमणे मागं आणि मध्ये ती लोखंडी पेटी, सहा कुलपांचा खुळखुळाट करत. पेटी इतकी तापली की ढोमणेनं तिला ओला गमछा गुंडाळला आणि दर दोन मैलांनी "भाऊ, चटका बसून राहिला!" असं ओरडत राहिला. नंदिनी नगरच्या पुढं चुनखडीच्या पांढऱ्या धुळीनं आम्ही भुतासारखे झालो. साहूची बायको मांडवाच्या दारात चावी मुठीत धरून उभी होती. साहू मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसला होता, हात मांडीखाली दाबून.

मी पेटी त्याच्यासमोर ठेवली. त्यानं आमच्याकडे पाहिलं, पांढऱ्या भुवया, गुंडाळलेले गमछे, ओल्या कापडातली पेटी. आधी त्याचा खांदा हलला, मग पोट, मग तो असा हसायला लागला की खाटेवरून खाली आला. "अब का करंव भैया," डोळे पुसत म्हणाला, "परमिट आ गे, फेर मन चल दिस." परवानगी आली, पण इच्छाच निघून गेली. त्याच्या बायकोनं तिघांना बोरे-बासी वाढली. रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, कांदा, मीठ, हिरवी मिरची. मी आयुष्यात बऱ्याच पंगती जेवलो, पण त्या दुपारचा तो थंडगार भात घशाखाली उतरला तसं काही पुन्हा उतरलं नाही.

असा तो उन्हाळा मी उडत काढला. पण सुनंदा पुण्याबद्दल एक शब्द बोलत नव्हती. निकाल लागला, पल्लवीला प्रवेश मिळाला, तिकिटं सुनंदानंच काढली. किती काढली, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. ती माझ्यासोबत जेवायला बसायला लागली होती, कधी माझ्या विनोदाला हसायचीही. पण वीस वर्षांच्या पाटीवर तीन महिने म्हणजे काय? मी तिच्या जागी असतो तर गेलो असतो, हे मला पक्कं माहीत होतं.

जायच्या दिवशीही माझी ए शिफ्ट होती. गाडी चारची, दोनला सुटून घरी जायचं, दोघींना घेऊन दुर्ग स्टेशन गाठायचं, असं ठरलं होतं. दोनला मी घाईत निघालो तो मोबाईलही प्लांटमधल्या कपाटात विसरलो. अडीचला घर गाठलं तर दाराला बाहेरून कडी. शेजारीण म्हणाली, त्यांना स्टेशनला सोडणारी कुणाची तरी गाडी मिळाली, मघाशीच गेल्या. आत आलो. कपाट उघडं, पल्लवीचा पलंग रिकामा. सवयीनं पेटीकडे नजर गेली.

पाच कुलपं होती.

चौथं छिद्र मोकळं होतं. पितळी कुलूप नव्हतं.

मी आधी स्टुलाखाली पाहिलं, मग पेटीमागं. मग तिथंच बसलो. आमच्यात माणूस आपलं कुलूप केव्हा काढतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आपला हात बेल्टमधून बाहेर काढून झाला की. काम संपलं, आपण सुटलो, आता तो चालो की बंद राहो. कुलूप तिचं होतं, काढायचा हक्कही तिचाच. मी ओरडू शकत नव्हतो, तक्रार करू शकत नव्हतो. आणि खरं सांगतो, त्या घटकेला मला दारू आठवलीसुद्धा नाही. मला फक्त स्टेशन आठवलं.

उठलो तेव्हा साडेतीन होत आले होते. स्कूटर मी कशी हाकली, माहीत नाही. चारला दहा मिनिटं असताना फलाटावर पोचलो. गाडी उभी होती. मी एकेक खिडकी पाहत धावत सुटलो आणि सातव्या की आठव्या डब्यात मला पल्लवी दिसली. तिच्या शेजारी सुनंदा बसली होती. आरामात, पाय वर घेऊन, मांडीवर डबा.

"बाबा! मम्मी कब से फोन लावून राहिली तुम्हाला!" पल्लवी म्हणाली.

मी गजांना धरून उभा राहिलो. बाकाखाली पल्लवीची पत्र्याची पेटी होती आणि तिच्या कडीला ते पितळी कुलूप लटकत होतं. मी सुनंदाकडे पाहिलं. म्हणालो ते एवढंच, "तुहं कुलूप..."

"तिच्या पेटीचं ऐन टायमावर बिघडलं," सुनंदा म्हणाली. "मंग काय करू? घरात दुसरं नव्हतं."

गाडीचा भोंगा झाला. सुनंदानं मंगळसूत्रातली चावी सोडवून पल्लवीच्या हातात दिली, डबा तिच्या मांडीवर ठेवला, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि उठली. मी दाराकडे धावलो. गाडी हलायच्या आत ती माझा हात धरून खाली उतरली. पल्लवी खिडकीतून हात हलवत होती, रडत होती, आणि मीही दोन्ही हात वर करून, भर फलाटावर, हमालांच्या देखत, पोरासारखा उड्या मारत होतो. शेवटचा डबा गेला तेव्हा सुनंदानं पदरानं डोळे पुसले आणि माझी बाही ओढली.

"चला आता," ती म्हणाली. "जाता जाता बाजारातून दुसरं कुलूप घेऊन घेऊ. या खेपी जरा मजबूत पाहू."